आभार अजून व्हायचे आहेत

खिशात हात घाला. मोबाइल नाही, पाकीट नाही. हाताला लागतं ते फक्त एक नाणं, सहाव्या जॉर्जच्या तोंडाचं. एक शिलिंग. घाबरू नका, तेवढंच लागणार आहे. तारीख १० ऑक्टोबर १९३९, वार मंगळवार, दुपारचे बारा वाजून गेलेत आणि तुम्ही लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात, नॅशनल गॅलरीसमोरच्या रांगेत उभे आहात.

पुढच्या बाईंच्या खांद्याला दोरीनं अडकवलेला पुठ्ठ्याचा चौकोनी डबा आहे. मागच्या कारकुनाकडेही तसाच. जेवणाचा डबा नव्हे तो. आत विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा आहे. इमारतींच्या पायाशी वाळूची पोती रचलेली, आणि वर आभाळात शत्रूच्या विमानांची वाट अडवायला सोडलेले रुपेरी फुगे. युद्ध जाहीर होऊन पाच आठवडे झाले. लंडनवर अजून बॉम्ब पडलेला नाही, पण पडेल या धास्तीनं सरकारनं ३ सप्टेंबरलाच नाटकं, सिनेमे, मैफली, सगळ्यांना टाळं ठोकलं. त्यातलं काही पुन्हा उघडलंय. पण रात्री रस्त्यावर एक दिवा नसतो. गाणं ऐकायला जायचं कुणी आणि घरी परतायचं कसं? वादक मंडळी हात चोळत घरी बसली आहेत.

तुम्ही इथे का, तेही सांगून टाकतो. तुम्ही आपल्याकडच्या एका गावातल्या संगीत मंडळाचे चिटणीस. वर्षभर दर महिन्याला बैठक झाली, उद्या वार्षिक सभा आहे आणि आभारप्रदर्शन तुमच्या गळ्यात पडलंय. आभारप्रदर्शनाचं आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. माइकवर ‘आता मी आभार मानण्यासाठी...’ एवढं ऐकू आलं की निम्मं सभागृह चपला शोधायला उठतं. तुमच्या कागदावर अध्यक्ष झाले, देणगीदार झाले, हॉलचे मालक झाले; शेवटी ‘आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ लिहिलंत आणि पेन तिथेच अडलं. तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी एक वर्ष बघून या. हा ऑक्टोबर ते पुढचा ऑक्टोबर.

रांग सरकते आहे. दाराशी शिलिंग द्या आणि आत चला.

भिंती ओक्याबोक्या आहेत. काही ठिकाणी नुसत्या चौकटी लटकताहेत, आत चित्र नाही. युद्धाच्या आदल्या दिवसापर्यंत, साधारण दहा दिवसांत, गॅलरीतली चित्रं आगगाडीनं वेल्सला रवाना झाली. राफाएल गेला, टिशियन गेला, रेम्ब्राँट गेला. उरली ती पहारेकऱ्यांची पावलं आणि घुमटाखालची अष्टकोनी खोली. त्या खोलीत आज पियानो आहे.

ही कल्पना मायरा हेस या पियानोवादक बाईंची. वय ४९. अमेरिकेचा ठरलेला दौरा त्यांनी रद्द केला, कारण अशा वेळी देश सोडून जाणं मनाला पटेना. गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क अवघे ३६ वर्षांचे. त्यांच्याकडे हेसबाई गेल्या आणि रिकाम्या गॅलरीत दुपारचं एखादं वादन करता येईल का, असं विचारलं. क्लार्क म्हणाले, एखादं कशाला, रोज करा. संचालकांनी असं पटकन हो म्हणणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे हॉलच्या परवानगीसाठी नगरपालिकेत खेटे घातलेल्या चिटणीसाला वेगळं सांगायला नको. सोमवार ते शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत, दुपारी एक वाजता. सगळ्यांना तिकीट एकच, एक शिलिंग.

पहिला दिवस हेसबाईंनी स्वतःकडे घेतला. फजिती झालीच तर ती आपली व्हावी, दुसऱ्या कुणाची नको, एवढाच हिशेब. सरकारनं दोनशे माणसांची परवानगी दिली होती. आता मागे वळून बघा. दोनशेचा आकडा केव्हाच मागे पडलाय. हजाराच्या आसपास माणसं आत आहेत. खुर्च्या संपल्यावर माणसं जमिनीवर बसली, जमीन संपल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. दारावर ज्या कोणी मोजायचं थांबवलं, त्याचे पहिले आभार. लिहून ठेवा.

मग वादन सुरू होतं. स्कार्लाती, बाख, मग बेथोवनचा ‘आपासिओनाता’ सोनाटा. तुम्ही सतारीवर वाढलेले. तुम्हाला यातलं सगळं कळत नाही, आणि कळायला हवं असंही नाही. शेजारचा गणवेशातला पोरगा डोळे मिटून बसलाय. संचालक क्लार्क डोळे पुसताहेत. शेवटी हेसबाई बाखच्या एका भजनी रचनेची स्वतः बांधलेली पियानोची मांडणी वाजवतात. १९२६ साली छापून आली तेव्हापासून घराघरातल्या पियानोवर पोचलेली. टाळ्यांचा कडकडाट घुमटात बराच वेळ फिरत राहतो.

तुमच्या ध्यानात आलं का? बाख जर्मन, बेथोवन जर्मन. याच आठवड्यांत एलेना गेरहार्ट इथे गाणार आहेत, जन्म लाइपझिगचा, आणि गाणार आहेत त्या जर्मन भाषेतली गाणी. युद्ध जर्मनीशी चालू असताना, लंडनच्या मधोमध. तुम्ही ऐकायला थांबलात तर दिसेल, श्रोते टाळ्या वाजवतात, बस. कुणी उठून जात नाही. गाण्याचा आणि राज्यकर्त्यांचा हिशेब वेगळा ठेवणारे हे लोकही तुमच्या यादीत यायला हवेत. श्रोत्यांचे आभार आपण ‘बहुसंख्येने उपस्थित राहिल्याबद्दल’ मानतो. इथे ते निवडीसाठी मानायला हवेत.

आता जरा टेबलाशी या. मैफलीच्या मागे एक टेबल असतंच. हेसबाईंना कार्यक्रम आखायला मदत करणारा हॉवर्ड फर्ग्युसन हा तिशीतला संगीतकार. आठवड्याला पाच दिवस, रोज वेगळं काहीतरी: आज एकटा पियानो, उद्या चार तंतुवाद्यांचा मेळ, परवा गायन. नवख्यांना संधी हवी, नामवंतही हवेत, सलग दोन दिवस एकच रचना यायला नको. गायिकेचा घसा सकाळी दहाला बसला तर एक वाजेपर्यंत कुणीतरी दुसरं उभं करायचं. महिन्याला एक बैठक ठरवताना तुमच्या मंडळात किती फोन होतात, ते आठवा आणि त्याला विसानं गुणा.

या टेबलावरचा बिदागीचा नियम मात्र उतरवून घ्या. नामवंत असो की काल परीक्षा पास झालेला पोरगा, सगळ्यांना एकच रक्कम, पाच गिनी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. म्हणजे एकशे पाच श्रोते आले की एका कलाकाराची बिदागी निघाली. वर उरेल ते गरजू वादकांच्या मदतनिधीला. हेसबाई स्वतः काहीच घेत नाहीत, आणि पुढच्या साडेसहा वर्षांत जवळपास दीडशे वेळा वाजवणार आहेत. आपल्याकडे बिदागीचा आकडा ही घराण्यापेक्षा गुप्त बाब असते. कुणाला किती दिले यावरून रुसवे-फुगवे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. इथे आकडा एकच असल्यानं कुजबुज करायला जागाच नाही. मला विचाराल तर सगळ्या वर्षातली सर्वांत हुशार कल्पना ही होती, घुमटाखालच्या पियानोपेक्षाही.

भूक लागली असेल. या इकडे, उपाहारगृहात.

लोक जेवणाच्या सुट्टीत येणार, तर त्यांनी खायचं कधी? म्हणून थोड्याच दिवसांत गॅलरीतच खाण्याची सोय झाली. ती चालवतात लेडी गेटर, आणि हाताखाली आहेत स्वयंसेवक बाया. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी अशा घरांतल्या, की जिथे पाव कापायला नोकर असतात. इथे त्या बाह्या सरसावून सकाळपासून उभ्या आहेत. तुमच्या हाती सुरी येते. ‘लोणी कडेपर्यंत,’ पलीकडून सूचना होते, ‘मध्ये ढीग नको.’ मधाचा हात फिरवायचा, वर मनुका पसरायच्या, दुसरा काप ठेवून हलकेच दाबायचा, तिरकं कापायचं. मध-मनुकांचं हे सँडविच लंडनभर गाजलंय. काही लोक संगीतासाठी येतात आणि सँडविच खातात. काही उलट करत असणार, आणि त्यांचीही शिलिंग निधीलाच जाते.

शेजारी जी उंच, हसऱ्या डोळ्यांची बाई भराभर काप लावते आहे, ती जॉइस ग्रेनफेल. नुकतीच रंगभूमीवर नकला करून नाव मिळवू लागलेली. तिच्या हाताला उसंत नाही, आणि कान मात्र रांगेतल्या प्रत्येक बाईच्या बोलण्याकडे. पुढे ती इंग्लंडची लाडकी विनोदी नटी होईल. आत्ता तिचे आभार मानायचे ते पावासाठी.

पावाचा प्रश्न सोपा नाही. ८ जानेवारी १९४० पासून शिधापत्रिका सुरू होतील: माणशी आठवड्याला चार औंस लोणी, बारा औंस साखर. तसे चार औंस म्हणजे शंभर ग्रॅमच्या जरा वर. जुलैत चहाही शिध्यावर येईल, माणशी दोन औंस. चहाशिवाय इंग्रज माणूस कसा दिसतो, ते तुम्हाला त्या उन्हाळ्यात बघायला मिळेल. आणि त्या जानेवारीत थंडी अशी, की कित्येक दशकांत कुणी पाहिली नव्हती. अंधारात उठायचं, बर्फातून बस गाठायची, गॅलरीच्या थंडगार खोलीत पाव कापायला लागायचं. आणि एक वाजता पलीकडे संगीत सुरू झालं की आपण मात्र कपबशा धूत बसायचं. तुम्ही विचार करा, वर्षभर मैफली झाल्या, आणि या बायांनी अखंड ऐकलेल्या किती? तुमच्या मंडळात चहा करणाऱ्या वहिनींनी भीमपलास कधी विलंबितापासून ऐकलाय का? ख्याल चढायला लागला की त्यांचं दूध उतू जायची वेळ होते. मध्यंतराचा चहा मध्यंतरालाच तयार हवा असतो ना.

पुढे चला. १ जानेवारी १९४०, नव्या वर्षाचा पहिला दिवस, सोमवार. आज फार गंभीर होऊन बसू नका. मंचावर हायडनच्या नावावर चालणारी ‘टॉय सिंफनी’ आहे (ती हायडनची नाही असं पुढे अभ्यासक म्हणणार आहेत, पण आज ते कुणाला सांगू नका). नावाजलेले वादक पोरांच्या शिट्ट्या, खुळखुळे, ढोलकी घेऊन उभे आहेत आणि हातात छडी घेऊन संचालन करताहेत ते साक्षात गॅलरीचे संचालक, केनेथ क्लार्क. लोक खो-खो हसताहेत. भिंतीवर एकही चित्र नाही, आणि चित्रांच्या राखणदाराला याहून बरं काम सापडलेलं नाही.

मार्च, एप्रिल, मे तुम्ही भराभर ओलांडा. रोज एक वाजतो, रोज मैफल होते, आणि रोज होणाऱ्या गोष्टीची बातमी होत नाही.

जूनमध्ये मात्र थांबा. फ्रान्स पडलाय. रांगेतल्या बोलण्याचा आवाज खाली आला आहे. आणि रांगेतले काही चेहरे दिसेनासे झालेत. जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना, त्यांत ज्यूही आले आणि कितीतरी वादकही, सरकारनं ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरवून छावण्यांत डांबलंय. पुष्कळांची रवानगी आइल ऑफ मॅन बेटावर. गॅलरीत शूबर्टच्या गाण्याला टाळ्या, आणि शूबर्टच्या व्हिएन्नाचा व्हायोलिनवाला काटेरी तारेच्या आत. इंग्लंडच्या त्या वर्षाचं गुणगान करायचं तर हेही त्याच कागदावर लिहावं लागतं. तुमच्या यादीत त्यांच्यासाठी एक रकाना ठेवा. ते आले नाहीत, येऊ शकले नाहीत.

७ सप्टेंबर १९४०. आता बॉम्ब खरेच पडू लागतात, आणि मग सलग सत्तावन्न रात्री पडत राहतात. घुमटाच्या काचेखाली माणसं बसवणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर काच टांगणं. मैफल तळघरात उतरते. पियानोही उतरतो. कलाकार येतो, बसतो, वाजवतो. पियानो जिन्यावरून, वळणावरून, भिंतीला न खरचटता खाली नेणाऱ्यांची पाठ मात्र आठवडाभर धरलेली असते. तुमच्याकडे तबला-तंबोरे रिक्षातून आणणारा जो पोरगा आहे, त्याचं आडनाव काय हो? बघा, कागदावर नुसतं पाळण्यातलं नाव आहे.

खाली थंडी आहे. लोक ओव्हरकोट काढत नाहीत, काहींनी गुडघ्यांवर घोंगड्या घेतल्यात. पूर्वीइतकी गर्दी नाही; जे येतात ते रात्र कुठल्यातरी आसऱ्यात काढून, सकाळी फुटक्या काचा ओलांडून कामावर जाऊन, मग इथे आलेले. उपाहारगृहातल्या बायाही तशाच. एकीच्या केसांत अजून चुन्याची धूळ आहे. पाव कापणं चालू आहे.

१० ऑक्टोबर १९४०, गुरुवार. वर्ष भरलं. तुम्हाला वाटतं, आज तरी कुणी उभं राहील, दोन शब्द बोलेल. पण वर भोंगे वाजताहेत आणि खाली एकची वेळ झालीय. दोनच दिवसांनी, शनिवारी, गॅलरीवरच बॉम्ब पडतो आणि जिथे एरवी राफाएलची चित्रं असायची ती खोली उद्ध्वस्त होते. सोमवारी मैफल आहेच.

त्याच महिन्यात न फुटलेला बॉम्ब इमारतीत सापडतो. त्या दिवसांपुरती मैफल चौकाच्या पलीकडे, साउथ आफ्रिका हाउसमध्ये हलते. विचार करा, हे श्रोत्यांना कळवायचं कसं? फोन नाहीत सगळ्यांकडे, पत्रकं छापायला वेळ नाही. कुणीतरी गॅलरीशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात करून सांगायचं: तिकडे, त्या इमारतीत. तुम्हीच उभे राहा आज. अर्धा तास उभं राहिल्यावर तुमच्या लक्षात येतं की तुमच्याकडे बघून लोक ‘कुठे?’ एवढंच विचारतात. ‘आज आहे का?’ असं एकजणही विचारत नाही.

पुन्हा एकदा असाच एक बॉम्ब, हजार पौंडांचा. या वेळी मैफल त्याच इमारतीत, पण बॉम्बपासून दूरच्या टोकाला. बॉम्ब निकामी करणारी तुकडी जेवायला गेलेली. बेथोवनची चार तंतुवाद्यांची रचना मध्यावर आलीय, आणि तो फुटतो. आवाज तुमच्या छातीतून जातो. वरून माती झरते. चौघा वादकांच्या गजांपैकी एकही थांबत नाही, एकही मात्रा चुकत नाही. श्रोत्यांतलं कुणी उठत नाही. उठणार तुम्हीच होतात, पण शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तुमच्याकडे असं पाहिलं, जसं आपल्याकडे तानेच्या मध्ये बोलणाऱ्याकडे पाहतात.

यापुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. जून १९४१ पर्यंत हे तळघर सुटणार नाही. हेसबाईंना त्याच वर्षी ‘डेम’ हा किताब मिळेल. शेवटची मैफल १० एप्रिल १९४६ ला होईल. तोवर मैफलींचा आकडा १,६९८ आणि श्रोत्यांचा ८,२४,१५२ झालेला असेल, आणि ठरलेली एकही मैफल रद्द झालेली नसेल. किताब एक. आकडे मात्र अशांच्या जोरावर वाढलेले, ज्यांच्यासाठी किताबच नसतो.

वादन संपतं. टाळ्या होतात, नेहमीपेक्षा जरा लांब. तुम्ही उपाहारगृहाकडे वळता. आज सांगायचंच, असं ठरवून आलाय तुम्ही. कागद उलगडता आणि सुरू करता: दारावरच्या माणसाचे, पियानो उतरवणाऱ्यांचे, टेबलावर बसून वेळापत्रकं खोडून पुन्हा लिहिणाऱ्यांचे, श्रोत्यांचे, छावणीतल्या वादकांचे. मग पावाशी येता. धूळ भरल्या केसांच्या बाई सुरी थांबवून ऐकतात. खरंच ऐकतात, चपला शोधत नाहीत. चार नावं होईपर्यंत ऐकतात. पाचव्याला त्यांची नजर तुमच्या खांद्यावरून मागे जाते. रांग जिन्यापर्यंत पोचली आहे आणि स्फोटानंतर सगळ्यांना एकदमच भूक लागली आहे.

‘फार छान,’ त्या म्हणतात, ‘तो कागद खिशात ठेवा आणि हा ट्रे घ्या. दोन्ही हातांनी. मागचे लोक कारकून आहेत, त्यांना दोनला कचेरीत पोचायचंय, त्यांना आधी वाढा.’